कर्णबधिर माणसानं १४४४६ वर फोन कसा करायचा?

परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर व्यसनमुक्तीचं पोस्टर आहे. फुटलेली बाटली, रडणारी बायको, दोन मुलं आणि खाली मोठ्या आकड्यांत राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर : १४४४६. शेवटची ओळ, ‘आजच फोन करा’. त्या पोस्टरखालच्या बाकावर माझा मावसभाऊ दोन तास बसून होता. वय एकेचाळीस, धंदा शिलाईचा, जन्मापासून ऐकू येत नाही. त्यानं पोस्टर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, अंगठा आणि करंगळी कानाला लावून फोनची खूण केली आणि हसला. मला हसता आलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी सेवा चालू आहे की बंद, हे ठरवायला आमच्या धंद्यात एकच प्रश्न विचारतात : ज्याच्यासाठी बनवली, त्याला ती वापरता येते का? येत नसेल, तर आतली यंत्रं कितीही सुरळीत फिरत असोत, आम्ही सेवा बंद आहे असंच लिहितो. या हिशेबानं आमच्या जिल्ह्यात व्यसनमुक्तीची सेवा कर्णबधिरांसाठी बंद आहे. ती कायद्याअभावी बंद नाही आणि पैशाअभावीही बंद नाही. दुभाष्याच्या पगाराची एक ओळ अंदाजपत्रकात कोणी लिहिलेली नाही, म्हणून ती बंद आहे. ही ओळ लिहून घ्यायची कशी, याबद्दल हा लेख आहे.

आधी भाईजानचं सांगतो. आम्ही मावसभावाला भाईजान म्हणतो. तो निवासी मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकला. वर्गात शिक्षक ओठ वाचायला लावायचे. सांकेतिक भाषा तो शिकला वसतिगृहात, रात्री दिवे गेल्यावर बॅटरीच्या उजेडात, मोठ्या मुलांकडून. मराठी वाचता येतं का म्हणाल, तर दुकानाची पाटी वाचतो, हिशेब लिहितो, स्वतःची सही करतो. पूर्ण वाक्य पुढे ठेवलं तर त्यातले चार शब्द ओळखतो, वाक्याचा अर्थ लागत नाही. हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही. जी भाषा कानावर एकदाही पडली नाही ती नुसत्या फळ्यावरून शिकवली, तर बहुतेकांना एवढीच येते. शेरवानी मात्र तो अशी शिवतो की लोक नांदेडहून कापड घेऊन येतात.

तीन वर्षांपूर्वी खालानं त्याला घरात कोंडून त्याची दारू एका दिवसात बंद केली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी अचानक तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे खालाला कोणी सांगितलं नव्हतं. भाईजानला तिसऱ्या दिवशी आकडी आली. त्याला मराठवाड्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. रात्री तो घाबरून भिंतीकडे बोट दाखवू लागला, जोरजोरानं हातवारे करू लागला. पेशंट आवरत नाही म्हणून त्याचे दोन्ही हात पलंगाला बांधले.

ऐकू येणाऱ्या माणसाचे हात बांधले, तरी त्याला ओरडून पाणी मागता येतं. भाईजानचे हात बांधले तेव्हा त्याची जीभच बांधली गेली. भिंतीवर त्याला काय दिसत होतं, कुठे दुखत होतं, हे सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही. मी त्या रात्रीच्या नर्सला दोष देत नाही. दीडशे पेशंटमागे दोन माणसं असतील तर त्यांनी काय करावं? पण हात हीच त्याची भाषा आहे, हे सांगणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. असं कोणी असावं, अशी त्या इमारतीत सोयच नव्हती.

पुढे आम्ही पैसे जमवून त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. एक महिना. सकाळी प्रार्थना, मग गटचर्चा, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पुन्हा गटचर्चा. वीस जण गोल बसून एकमेकांना आपली गोष्ट सांगायचे. भाईजान त्या गोलात तीस दिवस बसला. बाहेर पडताना हातात जो कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं : ‘रुग्ण उपचारात सहभागी होत नाही. प्रेरणेचा अभाव.’ घरी आल्यानंतर अकराव्या दिवशी तो पुन्हा प्याला.

व्यसनमुक्तीत औषधं पहिले काही दिवस लागतात. त्यानंतरचं सगळं काम बोलण्यातून होतं. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीनं पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला हे माहीत आहे. समुपदेशकाशी बोलणं, गटात बोलणं, बायकोशी नव्यानं बोलणं, हाच इथला उपचार. ज्याला त्या बोलण्यातला एक शब्दही मिळत नाही त्याला केंद्रात ठेवणं म्हणजे जेवण-राहण्याची सोय करणं आहे. त्याला उपचार म्हणू नका.

‘घरचं कोणी बसू द्या ना सोबत’

प्रत्येक ठिकाणी हे ऐकलं. म्हणून त्याचाही अनुभव सांगतो, आणि त्यात माझीच चूक आहे.

आधी खाला बसली. घरच्या खुणा चाळीस-पन्नास. जेव, झोप, पैसे, दुकान, लग्न, मार खाशील. एवढ्या भांडवलावर ‘पिण्याआधी मनात काय येतं?’ हा प्रश्न कसा विचारायचा? तिनं तो असा विचारला : दारू, वाईट, का? भाईजाननं मान खाली घातली.

मग मी बसलो. मी लहानपणापासून त्याच्याकडूनच त्याची भाषा शिकलो, त्यामुळे मला बरीच येते. समुपदेशकानं विचारलं, सुरुवात कधी झाली? भाईजाननं सांगायला सुरुवात केली. त्यात वसतिगृह होतं, एक मोठा माणूस होता, रात्र होती. खाला दारात उभी होती. मी समुपदेशकाला सांगितलं, “मित्रांच्या संगतीनं.”

मी खोटं बोललो. खालाच्या समोर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. भाईजानला माझे ओठ वाचता येतात. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा उचलले नाहीत.

म्हणून ‘घरचे आहेतच की’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. घरचा माणूस दुभाषी होऊ शकत नाही. त्याला लाज असते, भीती असते, जमिनीचा वाद असतो, कधी कधी मार खाणारा किंवा देणाराही तोच असतो. ऐकू येणाऱ्या दारुड्याला आईसमोर बसवून कोणी त्याचा कबुलीजबाब घेत नाही. कर्णबधिराच्या बाबतीत मात्र आपण हे बिनदिक्कत करतो आणि वर त्यालाच ‘प्रेरणेचा अभाव’ असा शेरा देतो.

कायदा काय सांगतो

आता कोणी म्हणेल, ही जास्तीची सवलत झाली. मागणी चांगली आहे, पण सरकार कुठे कुठे पुरेल? त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार या कायद्यानं मानसिक आजारात धरले आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारनं चालवलेली किंवा सरकारी पैशावर चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे आणि अपंगत्वावरून त्यात भेदभाव करता येत नाही. कलम ४ त्याहून स्पष्ट आहे. उपचाराबद्दलचा निर्णय घेण्यासाठी रुग्णाला जी माहिती द्यायची, ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, सांकेतिक भाषेत किंवा चित्रांच्या मदतीनं द्यावी, असं तिथं लिहिलं आहे. ‘सांकेतिक भाषा’ हा शब्द मी घुसडलेला नाही, संसदेनं घातलेला आहे.

दुसरी, दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६. कलम २५ प्रमाणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश मिळाला पाहिजे. अडथळा म्हणजे फक्त पायऱ्या नव्हेत. आपण रॅम्प बांधून मोकळे होतो, कारण रॅम्पचा फोटो काढता येतो. भाईजान धडधाकट पायांनी रॅम्प चढून आत जातो आणि आत गेल्यावर त्याच्यासाठी सगळी दारं बंद असतात.

तिसरी, भारतानं २००७ साली मंजूर केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार. त्याच्या कलम ९ मध्ये व्यावसायिक सांकेतिक भाषा दुभाष्यांचा उल्लेख आहे. व्यावसायिक, म्हणजे पगारी. मावसभाऊ नव्हे.

पैसा आहे

दारूवाल्यांसाठी जनतेचा पैसा का, असा प्रश्न येतो. उलट विचारा : दारूचा पैसा जनतेकडे का येत नाही? जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. हे फक्त जादाचे. आधीचे हजारो कोटी वेगळे. त्या पैशात भाईजानच्या प्रत्येक क्वार्टरचा वाटा आहे. दारूच्या दुकानात त्याला कधी दुभाषी लागला नाही. बोट दाखवलं, पैसे दिले, बाटली मिळाली. सरकार त्याच्याकडून कर घेतं तेव्हा त्याचं बहिरेपण आड येत नाही, उपचार द्यायची वेळ आली की येतं.

आता हिशेब करू. आकडे माझे आहेत, कोणीही तपासावेत. जिल्ह्यामागे दोन दुभाषी आणि एक प्रशिक्षित कर्णबधिर समुपदेशक, असे तिघं धरा. प्रत्येकाला महिना ४०,००० रुपये. जिल्ह्याचा वर्षाचा खर्च १४ लाख ४० हजार. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा मिळून ५ कोटी १८ लाख. त्या जादा १४,००० कोटींतल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे हे चार पैसेसुद्धा होत नाहीत.

केंद्राचाही पैसा आहे. २०१८ पासून सामाजिक न्याय मंत्रालयाचा अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा राबवला जातो. १५ ऑगस्ट २०२० ला ‘नशा मुक्त भारत अभियान’ २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. व्यसनमुक्ती केंद्र चालवणाऱ्या संस्थांना या आराखड्यातून अनुदान मिळतं आणि कोणत्या पदासाठी किती, हे ठरलेलं असतं. डॉक्टर आहे, समुपदेशक आहे, परिचारिका, वॉर्डबॉय, हिशेबनीस, योगशिक्षक, स्वयंपाकी आहे. सगळे हवेतच. दुभाषी नाही. ज्या पदाला अनुदान नाही ते पद कोणती संस्था भरेल? म्हणून केंद्र चालवणाऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. यादी दुरुस्त झाली पाहिजे.

तिसरा पैसा आपल्या अगदी दारात आहे. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अनेक गावांत ही रक्कम मार्चअखेरीला थोडी थोडी वाटून संपवतात. दिव्यांग बांधवांना रोख मदत मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण वाटलेल्या हजार-दोन हजारांतून कोणालाही दुभाषी ठेवता येत नाही. तो सगळ्यांनी मिळूनच ठेवावा लागतो.

नेहमीचे आक्षेप

‘असे किती लोक असणार?’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात श्रवणदोष असलेले पावणेपाच लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १८ लाख ३६ हजार होती. राज्याच्या सरासरीनं मोजलं तर जिल्ह्यात साडेसात हजारांहून जास्त. सगळे सांकेतिक भाषा वापरत नसतील, सगळे पीत तर नाहीतच. पण २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, जी एम्सनं केली, असं आढळलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. ही ऐकू येणाऱ्यांसकट सगळ्यांची अवस्था. त्यातून कर्णबधिराच्या वाट्याला काय येत असेल? आमचं केंद्र सांगतं, ‘असे पेशंट येतच नाहीत.’ ज्या दुकानाचं शटर खाली आहे तिथं गिऱ्हाईक येत नाही, यात नवल काय?

‘दुभाषी मिळतात कुठे?’ कमी आहेत, खरं आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. दुभाष्याचा डिप्लोमा आहे. पण परभणीच्या एखाद्या मुलीनं तो केला, तर गावी परतून तिनं नोकरी कुठे करायची? पद नाही म्हणून माणूस तयार होत नाही आणि माणूस नाही म्हणून पद काढत नाहीत. हा फास सरकारनंच सोडवायचा असतो. अंगणवाडी सेविका काय आधी तयार होऊन बसल्या होत्या?

‘आता एआय आलंय, ॲप काढा ना.’ हे मला माझेच सहकारी सांगतात, म्हणून माझ्या धंद्याच्या वतीनं उत्तर देतो. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप त्याच्या उपयोगाचं, ज्याला मराठी वाचता येतं. भाईजानला ते शोभेचं. कॅमेऱ्यासमोरच्या खुणा ओळखणाऱ्या प्रणाली सुटे शब्द बऱ्या ओळखतात, पण थरथरत्या हातांनी, रडत रडत सांगितलेली गोष्ट त्यांना कळत नाही. व्हिडिओवरचा खराखुरा माणूस मात्र नक्की कामाचा. दिल्लीच्या केंद्रानं २०२३ साली व्हिडिओ कॉलवर दुभाष्याची सेवा सुरू केली आहे. दवाखान्यात एक टॅब, स्टँड आणि चांगलं इंटरनेट असेल तर डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीपुरतं हे उद्यापासून होऊ शकतं. वीस जणांच्या गोलात मात्र एका टॅबला कोण बोलतंय तेच दिसत नाही. तिथं माणूसच बसावा लागतो.

हे कुठे होतच नाही असंही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसला १९८९ मध्ये कर्णबधिरांसाठी वेगळा व्यसनमुक्ती कार्यक्रम सुरू झाला. कर्मचारी सांकेतिक भाषा जाणणारे. लिहून आणायचा गृहपाठ तिथले रुग्ण चित्रं काढून करायचे : माझा सगळ्यात वाईट दिवस, काढून दाखव. त्यासाठी सरकारी अनुदान मिळालं. चित्राला वही आणि रंगीत पेन्सिल लागते. परभणीत दोन्ही मिळतात.

आपल्या मोहल्ल्यासाठी दोन शब्द

आपल्याकडे हा विषय ‘हराम आहे’ या दोन शब्दांत संपतो. हराम आहेच, त्यावर वाद नाही. पण त्या दोन शब्दांमागे आपण किती गोष्टी झाकून ठेवतो, ते आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा. बटन गोळ्या, खोकल्याचं औषध, देशी. भाईजान दर जुम्म्याला मशिदीत जातो. दारूच्या विरोधात त्यानं वीस वर्षांत कितीतरी खुतबे पाहिले आहेत. ऐकला एकही नाही. सूरह अबस कशामुळे उतरली, हे आपण मुलांना शिकवतो. एक अंध माणूस काही विचारायला आला होता आणि त्याच्याकडे लक्ष देणं बड्या लोकांशी बोलण्याहून महत्त्वाचं होतं. ते शिकवतो आणि आपल्याच सफ़मध्ये शेजारी उभ्या असलेल्या बहिऱ्याला विसरतो.

भाईजानची महिन्याभराची फी आम्ही जकातीतून आणि नातेवाइकांकडून गोळा केली. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार आहेत. पण जकातीतून एका माणसाचा एक महिना निघतो, जिल्ह्याची सेवा उभी राहत नाही. ती करातूनच उभी राहते. आणि ती फक्त आपल्यासाठी मागायची नाही. भाईजानच्या वसतिगृहात मराठा, बौद्ध, बंजारा, मुसलमान अशी सगळ्यांची मुलं होती आणि सगळ्यांची भाषा एकच होती. त्यांच्यातले तीन जण दारूनं गेले, असं भाईजान सांगतो. बोटांवर मोजून सांगतो.

मागायचं काय

एक, जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळून दोन दुभाष्यांची पदं, राज्याच्या दारू-उत्पन्नातून. तोवर व्हिडिओ दुभाष्याची सोय.
दोन, केंद्राच्या अनुदान-यादीत दुभाषी आणि कर्णबधिर समुपदेशक ही दोन पदं.
तीन, मराठवाड्यात निदान एका अनुदानित केंद्रात कर्णबधिरांचा स्वतंत्र गट.
चार, १४४४६ ला व्हिडिओ कॉलचा मार्ग.
पाच, दारू सुटताना भ्रमात असलेल्या कर्णबधिर रुग्णाचे हात बांधण्याआधी त्याची भाषा जाणणाऱ्याला बोलवण्याचा लेखी नियम.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. दिव्यांग कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे, तिच्याकडेही अर्ज देता येतो. पाच टक्के निधी कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं आणि उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकार आहे. तुमच्या जिल्ह्यातही हाच अर्ज चालेल, फक्त जिल्ह्याचं नाव बदला.

भाईजान आजही पितो. कमी-जास्त होतं, थांबत नाही. तो सुधारला असं सांगून हा लेख गोड करता आला असता, पण त्याच्या वतीनं मी एकदा खोटं बोललो आहे, पुन्हा बोलणार नाही.

येत्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं परभणीला जाणार आहोत. अर्ज मी टाइप केला आहे. तिथं बोलणार मात्र भाईजान, स्वतःच्या हातांनी. मी शेजारी गप्प उभा राहणार. साहेबांना कळलं नाही, तर दुभाषी त्यांनी शोधावा.